एकशे नव्वदवर वीस मिनिटं

वनिता, मी तुझ्या ओव्हनला हात लावला.

आता काय बोलायचं ते बोल. चौदा वर्षं तू मला त्याच्या आसपास फिरकू दिलं नाहीस, आणि तुझं तेरावं होऊन दोन दिवस झाले नाहीत तोवर मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याच्यापुढं स्टूल टाकून बसलो. नुसता हात लावला असता तरी चाललं असतं. मी त्याची वाट लावली. ती कशी लावली आणि पुढं काय झालं, हे सगळं तुला सांगायचं आहे, कारण दुसऱ्या कुणाला सांगून ते कळणार नाही.

आज एकविसावा दिवस. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तुझ्याविषयी दोन शब्द मागितलेत, खाली नोटीस बोर्डावर लावायला. जन्म कुठला, शिक्षण काय, स्वभाव मनमिळाऊ, असं काहीतरी. मी 'मनमिळाऊ'पर्यंत आलो आणि पेन खाली ठेवलं. तू आणि मनमिळाऊ! पाण्याच्या टँकरवाल्याला तू तिसऱ्या मजल्यावरून घातलेल्या शिव्या अर्ध्या सानपाड्यानं ऐकल्यात. तो कागद तसाच टेबलावर पडलाय. सेक्रेटरींना म्हटलं, उद्या देतो. गेले चार दिवस उद्याच चाललंय.

दमलोय गं मी. रडून नाही, रडायला तसा वेळच मिळाला नाही. आलेल्या माणसाला पाणी द्या, चहा द्या, आणि मग पहिल्यापासून तेच सांगा. काय झालं, कसं झालं, शेवटी काही बोलल्या का. स्नेहा होती म्हणून निभावलं. पुण्याहून रजा काढून आलेली आपली पोर दाराशी उभी राहून सगळ्यांना एकच सांगायची, "पप्पा शेवटपर्यंत आईचा हात धरून बसले होते." मी मान खाली घालून ऐकायचो. त्याबद्दल नंतर बोलतो. आधी ओव्हन.

तुझ्या गावची बेकरी बंद पडली नसती तर हा ओव्हन आपल्या घरात आलाच नसता. घणसोली गावात तुझ्या बाबांच्या चाळीत मी भाड्यानं राहायला आलो तेव्हा मला साताऱ्याहून येऊन वर्षही झालं नव्हतं. मे महिन्यात गल्लीतल्या बायका पीठ, तूप, साखर डब्यांत भरून बेकरीत जायच्या. तिथंच नानकटाई मळायची, तिथंच पत्र्यांवर मांडायची आणि नंबर लागेपर्यंत दुपारभर भट्टीच्या धगीत गप्पा मारत बसायचं. एकीचे पत्रे दुसरीत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. कुणाची काट्याची फुली, कुणाचा बदामाचा काप. तुमच्या घराची खूण म्हणजे अंगठ्याचा खळगा आणि त्यात एकच चारोळी. तू पहिल्यांदा माझ्या दारात बशी घेऊन उभी राहिलीस तेव्हा मी विचारलं होतं, एकच का? तू म्हणालीस, "दोन लावल्या तर त्या काकाच्या घरच्या होतील." आणि हसत निघून गेलीस. माझं काय व्हायचं ते तिथंच झालं.

पुढं लग्न, सानपाड्याचा हा फ्लॅट, स्नेहा. बेकरीच्या जागी बिल्डिंग उठली. दोन-तीन वर्षं तू नानकटाईशिवाय मे महिना काढलास आणि प्रत्येक मे महिन्यात माझं डोकं खाल्लंस. शेवटी स्नेहाच्या अकराव्या वाढदिवसाच्या आधी आपण हा ओव्हन आणला आणि ओट्याच्या टोकाला, खिडकीपाशी ठेवला. तू त्याला हळदीकुंकू लावलंस. मी हसलो तर म्हणालीस, "तुमच्या कंपनीत मशीनला हार घालता, तेव्हा नाय हसत ते."

आणि वाढदिवसाला पहिलाच केक कोळसा झाला.

तो दिवस आपल्या घरात इतक्यांदा सांगितला गेलाय की तुला वेगळा सांगायची गरज नाही. पण मी कसा सांगायचो ते ऐक, कारण घोळ तिथंच आहे. मी नाईट करून सकाळी आलो होतो. दुपारी आमचा दिनू बायकोला घेऊन येणार होता. तू केक आत ठेवलास, ओट्यावरच्या चावीच्या घड्याळाची बेल लावलीस आणि दोघांना आणायला स्टेशनवर गेलीस. जाताना म्हणालीस, "बेल वाजली की फक्त बाहेर काढा." मी खुर्चीत बसून होतो. बेल वाजली, मी उठलो, केक काढला, तर तो खालून-वरून काळा ठिक्कर. तुम्ही आलात तेव्हा घरभर धूर. दिनूनं केकवर सुरी वाजवून बघितली आणि म्हणाला, "काय वहिनी, नाचता येईना अंगण वाकडं?" सगळे हसले. मीही हसलो. तू ओव्हनकडं बघत म्हणालीस, "नवीन हाय ना, जरा जास्त तापतो वाटतं." मग खालून आइस्क्रीम आणून वेळ मारून नेलीस.

मी पडलो इन्स्ट्रुमेंटवाला. बत्तीस वर्षं ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या केमिकल कंपनीत तापमानाचे आणि दाबाचे काटे तपासले. कुठलं यंत्र खोटं बोलतं आणि किती अंशांनी, हे शोधून त्याला खऱ्यावर आणायचं, एवढंच आयुष्यभर केलं. आणि माझ्याच घरात एक यंत्र खोटं बोलत होतं! त्या केकचा रंग बघून मी तिथल्या तिथं निकाल दिला की हा ओव्हन पंचवीस अंशांनी वर आहे. मोजलं नव्हतं. पण चौदा वर्षांत मी तो पंचवीसचा आकडा इतक्यांदा बोललो की मला तो मोजल्यासारखाच वाटायला लागला.

किती भांडलोय आपण यावरून. मी म्हणायचो, तूच तर म्हणालीस जास्त तापतो, मग मला बघू दे, अर्ध्या तासाचं काम आहे. तू म्हणायचीस, राहू द्या. मी म्हणायचो, अगं, नुसती तार आत घालून मोजतो. तर तू लाटणं घेऊन मध्ये उभी. "हात नाय लावायचा माझ्या ओव्हनला." चिडलीस की गावची भाषा यायची तुझ्या तोंडात. "हातच्या काकनाला आरसा कशाला? नानकटाई चांगली होते का नाय? मग झालं तर." आणि एकदा मी फारच ताणलं तेव्हा म्हणालीस, "खोटं बोलतो तर बोलतो. पन रोज तेवढंच बोलतो ना?" याला आमच्या धंद्यात उत्तर नाही. रोज तेवढंच चुकणाऱ्या काट्यावर अख्खा प्लँट चालवता येतो. पण हे मी तुझ्यापुढं कबूल करणार होतो होय? मी तुला अडाणी म्हणालो. त्या आठवड्यात तू मला डब्यात फक्त वरण-भात दिलास.

आता मी काय केलं ते. तेराव्याचं गोडाचं जेवण झालं, माणसं गेली, मांडवातल्या भाड्याच्या खुर्च्या गेल्या. स्नेहा बँकेच्या कागदांसाठी बाहेर गेली होती. सकाळचे अकरा-साडेअकरा. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो आणि ओव्हन दिसला. तुला खोटं सांगत नाही, आधी मनात आलं की आता कोण अडवणार? आणि त्यापाठोपाठ कळलं, की हाताला काहीतरी काम दिल्याशिवाय मला तिथं उभं राहवणार नाही.

तापमानाचं बटण ओढून काढलं. त्याचा दांडा आतून पोकळ असतो आणि त्या पोकळीच्या तळाशी एक बारीक स्क्रू असतो, वर लाल रंगाचा थेंब टाकून बंद केलेला. तो थेंब खरवडला आणि स्क्रू फिरवला. पाव फेरा, कमी करायच्या बाजूला. का, तर पंचवीसनं वर आहे ना! मग तापमान मोजायची तार मधल्या जाळीवर टाकली, दार लावलं, बटण एकशे ऐंशीवर ठेवलं आणि अर्धा तास थांबलो. मीटर दीडशेपर्यंतसुद्धा जाईना. म्हटलं, जास्त फिरवला वाटतं. थोडा मागे आणला, परत अर्धा तास. परत थोडा. असं करत करत दुपारी तीनपर्यंत बटणावर एकशे ऐंशी आणि मीटरवरही एकशे ऐंशी. आमच्या कंपनीतही इतका चोख काटा कुणी लावला नसता. मी घाम पुसला, बटण बसवलं आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा तुझ्याशी जिंकलो असं वाटलं. ते फार तर पाच मिनिटं टिकलं.

काय विसरलो होतो, ऐक. आमच्याकडं काटा तपासायला घेतला की पहिलं काम एकच. हात लावायच्या आधी तो काय दाखवतोय ते लिहायचं. कागदावर त्याला वेगळा रकाना असायचा, 'सापडला तसा'. मग दुरुस्ती, मग शेवटचा रकाना, 'सोडला तसा'. नवीन आलेल्या कुणी पहिला रकाना मोकळा ठेवला तर मी कागद त्याच्या अंगावर फेकायचो. अरे, तो आधी कसा होता तेच तुला माहीत नसेल, तर तू काय दुरुस्त केलंस? बत्तीस वर्षं दुसऱ्यांना हे सांगितलं आणि स्वतःच्या घरात मीच आधी स्क्रू फिरवला, मग मीटर लावला. तुझा ओव्हन आधी कसा होता, ते आता कुठंच लिहिलेलं नव्हतं.

तरीही त्यानं काही बिघडेल असं मला वाटलं नव्हतं. बिघडलं ते परवा, शुक्रवारी.

स्नेहाची रजा आज, रविवारी संपते. ती म्हणाली, "पप्पा, जायच्या आधी आईच्या वहीतून नानकटाई करते. मला एकदा तरी यायला पाहिजे." तुझी ती निळ्या कव्हरची वही, तुपाच्या डागांची. तिनं सगळं तुझ्यासारखं केलं. तूप फेसलं, बेसन चाळून घातलं, जायफळ किसलं, अंगठ्यानं खळगा केला, एकेक चारोळी लावली. वहीत लिहिलंय, 'नानकटाई, एकशे नव्वदवर वीस मिनिटं.' बरोब्बर वीस मिनिटांनी बेल वाजली आणि तिनं दार उघडलं. कडा काळ्या, चारोळ्या जळून काडेपेटीच्या गुलासारख्या. वास तोच. त्या वाढदिवसाचा.

ती वहीकडं बघायला लागली. आपण काहीतरी चुकलो असं वाटून वेळ, साखर, सगळं परत वाचायला लागली. मला तिची दया आली आणि मी सांगून टाकलं. म्हटलं, "तुझं काही चुकलं नाही. मी ओव्हन दुरुस्त केलाय. आता तो बरोबर आहे."

तिनं पत्रा ओट्यावर आपटला. "बरोबर? कुणासाठी बरोबर, पप्पा?"

मी आपलं शहाण्यासारखं समजवायला गेलो. म्हटलं, आधी तो पंचवीसनं वर होता, आता खऱ्यावर आहे. आणि बोलता बोलताच लक्षात आलं. अगं, वर असता आणि मी खाली आणला असता, तर नानकटाई कच्ची राहायला हवी होती. करपली म्हणजे तुझा ओव्हन वर नव्हताच. तो कमीच तापायचा. तू बटण एकशे नव्वदवर ठेवायचीस तेव्हा आतून तो त्याच्या कितीतरी खाली असायचा. चौदा वर्षं मी उलट्या बाजूला भांडलो.

"मग तो केक?" मी म्हणालो. "तो कसा करपला? कमी तापणाऱ्या ओव्हनमध्ये?"

स्नेहा सिंककडं वळली, नळ सोडला, बंद केला. मग म्हणाली, "पप्पा, तुम्ही झोपला होता."

तुला माहीत होतं. तुम्हा दोघींना माहीत होतं. बेल वाजली तेव्हा मी खुर्चीत घोरत होतो. ती पोर माझ्यासमोर उभी होती. नाईट करून आलेल्या बापाला उठवायचं नाही हा तुझा एक नियम आणि ओव्हनला हात लावायचा नाही हा दुसरा, दोन्ही पाळत ती अर्धा तास तिथंच उभी राहिली. धूर नाकात गेला तेव्हा मी उठलो आणि तिला म्हणालो, "वाजली वाटतं." मला खरंच वाटलं होतं गं, की बेलनंच जाग आली. तू स्टेशनवरून आलीस, घड्याळ बघितलंस, माझा चेहरा बघितलास आणि एका क्षणात सगळं ओळखलंस. रात्री स्नेहाला म्हणालीस, "पप्पांना सांगायचं नाय. अलार्म वाजला आन हा मानूस झोपला, असं भावजींना कललं तर जन्मभर चिडवतील. पप्पांचं कामच ते हाय, काटे आन अलार्म बघायचं." म्हणून ओव्हन जास्त तापतो. म्हणून दिनूचा टोमणा तू खाल्लास आणि मी हसलो. आणि म्हणून लाटणं. मी आत तार घातली असती तर मीटरनं खरं सांगितलं असतं आणि मला कळलं असतं की केक ओव्हननं नाही, मी जाळला. चौदा वर्षं तू मला मोजू दिलं नाहीस ते यासाठी, आणि मी तुला अडाणी म्हणालो.

वनिता, माफ कर म्हणायला आता तोंड कुठाय.

मी खुर्चीवर बसलो. स्नेहा करपलेल्या नानकटाया कचऱ्यात टाकत होती. मी तिला विचारलं, "आणि हॉस्पिटलचं?"

"हॉस्पिटलचं काय?"

"तू सगळ्यांना सांगतेस, मी हात धरून बसलो होतो."

तिनं पत्रा घासायला घेतला. आता तुला सांगतो, नंतर बोलतो म्हणालो होतो ते. तुला त्यातलं किती कळलं मला माहीत नाही. दुपारची वेळ होती. स्नेहा खाली औषध आणायला गेली. जाताना म्हणाली, "पप्पा, आईनं डोळे उघडले की सिस्टरला हाक मारा." मी हो म्हटलं. तुझा हात माझ्या हातात होता, एवढं खरं आहे. पण तीन दिवस मी पाठ टेकली नव्हती, आणि एसीचा तो एकसुरी आवाज. माझा डोळा लागला. सिस्टरनं खांद्याला हात लावून उठवलं तेव्हा तुझा हात चादरीवर होता आणि तू गेली होतीस. तू डोळे उघडलेस का, माझ्याकडं बघितलंस का, काही म्हणालीस का, मला काहीच माहीत नाही. लोक विचारतात, शेवटी काही बोलल्या का. मी म्हणतो, नाही. खरं उत्तर, मी झोपलो होतो.

स्नेहा औषधाची पिशवी घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं बघितलं. आणि बाहेर जाऊन पहिल्या माणसाला सांगितलं की पप्पा हात धरून बसले होते. तुझीच पोर.

परवा मी पुन्हा विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आईनं पण तेच सांगितलं असतं." मग नाक पुसून म्हणाली, "आता ओव्हन आधी होता तसा करून द्या. मला बाकी काही नको."

आधी होता तसा! तीच तर गोम होती. सापडला तसा, तो रकाना मोकळा. आणि तो भरल्याशिवाय तुझी अख्खी वही गेल्यात जमा. केक, खारी, दिनूच्या मुलांसाठी करायचीस ते पाव, सगळे आकडे त्या ओव्हनचे, जो मी मोडला. काल सकाळपासून मी अंदाजानं सुरू केलं. दहानं कमी केलं, घाणा काढला, कडा लाल. तीसनं कमी केलं, फिक्या, तोंडात पिठूळ. तुझ्या स्टीलच्या डब्यात तू केलेल्या सात नानकटाया उरल्यात, ॲडमिट व्हायच्या आधीच्या आठवड्यातल्या. आम्हा दोघांनाही त्या खाववल्या नाहीत. त्यातली एक बशीत काढून मी रंग जुळवत बसलो. डोळे चुरचुरायला लागले, रंग काही ठरेना. तीन घाणे गेले. कंबर धरली. स्नेहा म्हणाली, पप्पा, बास करा. मी म्हटलं, नाही.

सापडलं ते आज सकाळी, आणि ते माझ्या हुशारीनं नाही. वही चाळत होतो. शेवटच्या पानांवर नुसते आकडे आहेत, पण पहिली पानं बघ, जिथं तू मासिकातली कात्रणं चिकटवलीस. केकच्या कात्रणावर छापलंय एकशे ऐंशी. त्यावर तुझी पेन्सिलची काट आणि बाजूला दोनशे. बिस्किटांचं एकशे साठ, त्याचे तू एकशे ऐंशी केलेस. नानकटाईचे एकशे सत्तर काटलेत, आधी पंच्याऐंशी लिहिलंस, तेही काटलंस, मग एकशे नव्वद. पान उलटलं की फरक वीस. पुढचं पान, वीसच.

कसली बाई तू! मीटर नाही, तार नाही, एकेक घाणा बघून, चाखून तू वीस अंशांचा फरक काढलास आणि लिहून ठेवलास. माझ्या कागदावरचा मोकळा रकाना तू चौदा वर्षांपूर्वीच भरला होतास. मी पंचवीस म्हणायचो, तोही उलट्या बाजूचा. तू ऐकून घ्यायचीस आणि वीस मिळवायचीस.

मी परत बटण काढलं. या वेळी आधी मीटर लावला, आधी लिहिलं, मग स्क्रूला हात घातला. बटणावर एकशे नव्वद, आत एकशे सत्तर, असं होईपर्यंत दीड तास गेला. मग स्क्रूवर स्नेहाच्या नेलपॉलिशचा थेंब टाकून तो बंद केला. आता हा ओव्हन पुन्हा खोटं बोलतो, आणि रोज तेवढंच बोलेल. निदान माझा हात तरी त्याला परत लागणार नाही.

दुपारी स्नेहानं शेवटचा घाणा लावला. उरलेल्या पिठात बाराच झाल्या. अंगठ्याचा खळगा, एकेक चारोळी. आत ठेवून तिनं बेल लावली. तीन दिवसांत ती कितीदा त्या ओट्यापाशी उभी राहिली असेल, पाय सुजलेत तिचे. म्हणाली, "पप्पा, मी जरा बाहेर आडवी होते. बेल वाजली की काढाल?" म्हणाली आणि तिनं फडकं माझ्या हातात दिलं. मग माझ्याकडं न बघता जाऊन सोफ्यावर पडली. दोन मिनिटांत तिचा डोळा लागला.

मी खुर्ची घेतली नाही. स्टूल घेतलं, पाठ नसलेलं. हातात फडकं धरून काचेसमोर बसलो. आतला लाल उजेड, मार्केटकडं जाणाऱ्या ट्रकचे हॉर्न, बाहेर पंख्याचा आवाज. पाचव्या मिनिटाला तुपाचा वास सुटला. दहाव्याला पापण्या जड झाल्या, तुला माहीत आहे माझं दुपारचं. उठून तोंडावर पाणी मारलं आणि परत बसलो. पंधराव्याला कडा धरायला लागल्या. मी तुझ्याशी बोलत बसलो, मोठ्यानं नाही, पोर उठली असती. बशीतली तुझी नानकटाई काचेला लावून बघितली, रंग एक होता.

बेल वाजली, वनिता. मी जागा होतो.